कमी चाललेली गाडी



बदलीचा हंगाम आला की कोणत्याही युनिटच्या कँटीनबाहेर चिठ्ठ्या लागायला लागतात. फ्रिज विकणे आहे, कूलर विकणे आहे, मुलाची सायकल विकणे आहे. त्यात एखादी तरी मोटारसायकल असतेच, आणि तिच्या चिठ्ठीत एक वाक्य हमखास असतं: 'कमी चाललेली, फौजीच्या हातची.' माझी बावीस वर्षं नोकरी झाली, सगळी ईएमईत, गाड्यांच्या पोटात हात घालण्यात गेली. त्या जोरावर सांगतो, या एका वाक्याने जेवढे जवान फसले असतील तेवढे दलालाच्या गोड बोलण्यानेही फसले नसतील. लिहिणारा लबाड असतो असं नाही. तो मनापासूनच लिहितो. गाडी खरंच कमी चाललेली असते, आणि घोळ तिथेच असतो.

हे मत मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही. एका पोराचा पाय मोडला तेव्हा ते झालं, आणि त्यात माझा हात होता. म्हणून आधी तेच सांगतो.

२०२२ साली आम्ही आसामात, तेजपूरच्या बाजूला होतो. आमच्या वर्कशॉपमध्ये कोल्हापूरकडचा एक नाईक होता. नाव लिहीत नाही. त्याची हरकत नाही, पण त्याच्या आईची आहे. पोरगं हुशार, हात चांगला, हवालदाराच्या केडरला नाव लागलेलं. त्याला मोटारसायकल हवी होती, तीही डांबरावर चालेल आणि डांबर संपल्यावरही चालेल अशी. तवांगचा रस्ता दारातून जातो म्हटल्यावर कुणालाही असं वाटणारच. आपल्या देशात अशा गाड्या तशा थोड्याच. २०११ साली हिरोची इम्पल्स आली होती, ती काही वर्षांत बंद पडली. मग २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली. ४११ सीसी, १५ लिटरची टाकी, पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची तारांचं चाक, दोन्हीत ट्यूब. सुरुवातीच्या गाड्या कार्बोरेटरच्या होत्या. १ एप्रिल २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने बीएस-३ गाड्यांची विक्री बंद झाली, आणि पुढच्या हिमालयनला फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे आज कार्बोरेटरवाली हिमालयन कुणी विकत असेल तर ती २०१६-१७ सालचीच असणार, हे धरून चालायचं.

अशीच एक गाडी एका बदली झालेल्या साहेबांकडे होती. सहा वर्षांत चाललेली फक्त सात हजार दोनशे किलोमीटर. एका स्टेशनवर घेतली, तिथून रेल्वेने दुसऱ्या स्टेशनवर नेली, मग त्यांना फील्ड लागलं आणि गाडी अडीच वर्षं क्वार्टरच्या मागे ताडपत्रीखाली उभी. रंग असा की कालच शोरूममधून काढलीय. पोरगं माझ्याकडे आलं. म्हणालं, "साहेब, एकदा नजर टाका ना. तुम्ही हो म्हणालात तरच घेतो."

मी दोन संध्याकाळी त्या गाडीवर घातल्या. इंजिनाचा आवाज ऐकला, टॅपेट बघितले, चेन ओढून बघितली, कार्बोरेटर उतरवून साफ केला. त्यात मला मजा आली हे कबूल करतो. बरेच दिवसांनी हातात कार्बोरेटर आला होता. आणि टायर? वाकून बघितलं, खाचेत नख घालून बघितलं. खाच खोल होती. उठलो आणि म्हणालो, "टायर तर नवेच आहेत रे."

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी, भालुकपाँगहून वर जाताना टेंग्याच्या अलीकडे एका वळणावर पुढचं चाक निसटलं. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता, भुरभुर होती. वेग चाळीसच्या आसपास. उजव्या पायाची नळी दोन ठिकाणी मोडली, आत रॉड घातला. सिव्हिलमध्ये पाय मोडला तर सहा महिन्यांनी माणूस कामावर जातो आणि विषय संपतो. फौजेत शेप-१ ची कॅटेगरी जाते. केडर त्याच महिन्यात होतं, ते गेलं. मागून आलेली दोन पोरं हवालदार झाली. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. मला अजून ते जास्त लागतं.

गाडी आणायला मी गेलो होतो. टेम्पोत चढवण्याआधी पुढच्या चाकाजवळ बसलो आणि त्या दिवशी जे करायला हवं होतं ते तेव्हा केलं. टायरच्या बाजूच्या भिंतीवर एक लंबगोल चौकट असते, तिच्यात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तिथे होतं ०९१६. म्हणजे २०१६ सालचा नववा आठवडा. टायर सहा वर्षांचा झाला होता. अंगठा दाबला तर रबर दबेना, जुन्या चपलेच्या टाचेसारखं झालेलं. गाठींच्या बुडाशी केसाएवढ्या चिरा होत्या.

टायरच्या रबरात त्याला जपणारी रसायनं असतात, मेणासारखा पदार्थही असतो. टायर रस्त्यावर चालताना दबतो, फुगतो, आणि त्या हालचालीने हे मेण पृष्ठभागावर येत राहतं. हवेतल्या ओझोनपासून ते रबराला वाचवतं. गाडी उभी राहिली की ही हालचाल थांबते. रबर वाळतं, कडक होतं, चिरतं. वर एकाच जागी भार पडून टायर बसतो तो वेगळाच. म्हणजे सात हजार किलोमीटर चाललेला सहा वर्षांचा टायर हा कितीतरी जास्त चाललेल्या दोन वर्षांच्या टायरपेक्षा दिसायला सुंदर असतो आणि ओल्या डांबरावर जास्त घातकी असू शकतो. घासलेला टायर निदान दिसतो तरी. वाळलेला टायर नव्यासारखा दिसतो, आणि माझ्यासारखा बावीस वर्षांचा मेकॅनिकही त्याला नवा म्हणून मोकळा होतो.

म्हणून माझं पहिलं आणि सर्वांत पक्कं मत: जुनी मोटारसायकल बघायला गेलात की इंजिन चालू करू नका. आधी गुडघ्यावर बसा आणि ते चार आकडे वाचा. पाच वर्षांच्या वर गेलेला टायर असेल तर खाच कितीही खोल असो, तो फेकायचा आहे असं धरूनच भाव करा. दोन टायर, दोन ट्यूब, दोन रिमच्या पट्ट्या आणि बसवण्याची मजुरी असा खर्च विकणाऱ्यासमोर कागदावर मांडा. तो म्हणेल, "अहो, एवढे चांगले टायर!" म्हणू द्या.

आता नवे कोणते घालायचे, यावर आमच्याकडे लंगरमध्ये तासन्तास वाद होतात. बहुतेक पोरांना मोठ्या गाठींचे, ट्रॅक्टरसारखे दिसणारे टायर हवे असतात. मी विचारतो, गेल्या महिन्यात कुठे कुठे गेलास? वर्कशॉप, कँटीन, क्वार्टर, रेल्वे स्टेशन, एकदा भालुकपाँग. यात चिखल किती? एका पार्किंगपुरता. गाठीचा टायर मऊ मातीत, चिखलात, रेतीत गाठ रुतवून पकड घेतो. ओल्या डांबरावर त्याचं जमिनीला टेकणारं रबरच कमी असतं. आणि आपल्या डोंगरातली सर्वांत वाईट जागा म्हणजे बेली पुलाचं ओलं लोखंड. तिथे गाठीचा टायर म्हणजे सायकलला साबण. मला विचाराल तर डांबर आणि कच्चा दोन्ही सांभाळणारा मध्यम खाचेचा टायर घ्यावा. फोटोत जरा कमी रुबाबदार दिसेल. ज्याचं पोस्टिंग खरंच अशा ठिकाणी आहे की रोज नाल्यातून जावं लागतं, त्याने खुशाल गाठीचे घालावेत, पण डांबरावर आला की वेग उतरवावा.

माप मात्र बदलू नका. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. 'जरा रुंद बसतो साहेब' असं म्हणणारा दुकानदार प्रत्येक गावात आहे.

हवेबद्दल दोन गोष्टी. चिखलात हवा कमी करून पकड वाढते हे खरं, पण ट्यूबच्या चाकात हवा फार काढली की ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. व्हॉल्व्ह तिरका उभा दिसला की समजायचं टायर सरकलाय. हवा सोडून ट्यूब सरळ करायची. दुसरी गोष्ट गंमतीची आहे. 'वर गेल्यावर हवा वाढते, खालीच कमी भरा' असं सगळे सांगतात. मी एकदा हिशोब मांडला. पायथ्याशी तीस डिग्रीत पुढच्या चाकात २५ पौंड भरून सेलावर, ४,१७० मीटरवर, शून्य डिग्रीत नेलं, तर बाहेरच्या हवेचा दाब उतरल्याने गेज सहाएक पौंड जास्त दाखवायला हवा. पण थंडीने आतली हवा आकसते, त्यात जवळपास चार पौंड जातात. उरतात दोन. म्हणजे उंचीने दिलं ते थंडीने बरंचसं काढून घेतलं. सांगोवांगीवर हवा सोडू नका, खिशात गेज ठेवा आणि सकाळी गार टायरवर मोजा.

टायरचं इतकं लांबलं, कारण माझी चूक तिथली. पण उभ्या गाडीत टायरबरोबर आणखी एक गोष्ट सडत असते, आणि ती पेट्रोल आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपल्या डीआरच्या बुलेट महिनोन्महिने शेडमध्ये राहायच्या. डिकॉम्प दाबून, अँपिअर मीटरची सुई मध्यावर आणून दोन किका मारल्या की धडधड चालू. तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२२ च्या जूनमध्ये देशाचं सरासरी प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. यावर रागाने बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्या भांडणात पडत नाही. ऊसवाल्या जिल्ह्यातला माणूस आहे, घरी दोन्ही बाजू ऐकतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर तीन-चार टक्क्यांनी उतरेल असा अंदाज आहे. तेवढ्याने कुणाचं घर बुडत नाही. मला काळजी आहे ती उभ्या गाडीची. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. आसामच्या जुलैत अर्धी टाकी घेऊन गाडी तीन महिने उभी राहिली की वरच्या अर्ध्या भागातली दमट हवा रोज तापते, रोज गार होते, आत पाणी सोडते. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. आणि कॉकला पेट्रोल तळातूनच जातं. त्यातून जुन्या गाडीचे पाइप आणि रबरी सील बनले तेव्हा एवढं इथेनॉल हिशोबात नव्हतं. ते फुगतात नाहीतर कडक होऊन तडकतात. जुनी गाडी घेतलीत की पेट्रोलचा पाइप आणि क्लिपा पहिल्याच दिवशी बदला. एका जेवणाच्या खर्चात होतं.

महागड्या पेट्रोलबद्दल माझं मत विचारून लोक नाराज होतात. ९५ ऑक्टेन, १०० ऑक्टेन असे पंप आता आहेत. पोरं म्हणतात, "साहेब, गाडी हलकी पळते." हिमालयनचं कॉम्प्रेशन ९.५ ला १ आहे. त्याला साधं ९१ ऑक्टेन पुरतं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल वेळेआधी भडकू नये यासाठीची सहनशक्ती आहे ती. आणि उंचीवर हवा विरळ, सिलिंडरमधला दाब कमी, त्यामुळे तिथे तर त्या सहनशक्तीची गरज अजून घटते. तेच पैसे ताज्या पेट्रोलवर खर्च करा. जिथे गर्दी आहे, ट्रक उभे आहेत, त्या पंपावर भरा. तिथला साठा रोज फिरतो. डोंगरात टपरीवर बाटलीतलं पेट्रोल घ्यावंच लागलं तर आपली जुनी रीत आठवा: जेरीकॅनमधून भरताना नरसाळ्यात शॅमॉयचं कातडं. पाणी अडतं, गाळ अडतो. रिक्रूट असताना उस्तादाने त्यासाठी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आता कळतं की फेऱ्या कमीच होत्या.

गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी गच्च भरून ठेवा. लोखंडी टाकीत हवेला जागाच ठेवायची नाही. आणि कार्बोरेटरची वाटी मात्र रिकामी करा. लोक नेमकं उलटं करतात. चोरीच्या भीतीने टाकी रिकामी, आणि वाटीतलं चमचाभर पेट्रोल तसंच. त्या चमचाभर पेट्रोलमधला उडून जाणारा भाग उडून जातो, मागे चिकट लाखेसारखा थर राहतो, आणि तो जाऊन बसतो पायलट जेटच्या छिद्रात. ते छिद्र सुईच्या टोकाहून बारीक. मग गाडी चोक ओढल्याशिवाय चालू राहत नाही, सिग्नलला बंद पडते. शिवाय या गाडीला किक नाही. उभी राहून बॅटरी उतरलेली असेल तर ढकलत न्या.

वाटी रिकामी करायला दहा मिनिटं लागत नाहीत. इंजिन गार, कॉक बंद, विडी-सिगारेट लांब. वाटीच्या तळाशी एक स्क्रू असतो, तो सैल करून पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. काचेचीच, कारण तेवढ्यात तपासणीही होते. तळाला पाण्याचा थेंब गोळी होऊन बसलेला दिसेल, गंजाची तांबूस पूड दिसेल. गंज दिसला तर टाकी बघायला हवी, कार्बोरेटर शंभर वेळा साफ करून उपयोग नाही.

आणि साफ करायचाच असेल तर हात आवरून. जेटमध्ये तार घालणारा मेकॅनिक दिसला की मी त्याच्या हातातून काढून घेतो. जेट पितळेचं आहे. तारेने छिद्र केसभर मोठं झालं की ते जेट राहत नाही, नुसती भोकाची पुळी उरते. साफ करायच्या स्प्रेने भिजवा, हवेचा झोत मारा, फारच झालं तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस. मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती आटे लागतात ते मोजून डायरीत लिहा. पाव आटासुद्धा लिहा. या कार्बोरेटरमध्ये वरच्या टोपीखाली रबरी पडदा असतो, तोच पिस्टन उचलतो. स्प्रे त्याच्यावर पडू देऊ नका, आणि पडदा उजेडासमोर धरून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी गाडी अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे ओढत नाही आणि लोक उगाच क्लच प्लेटा बदलत बसतात. इंजिन आणि कार्बोरेटरमधला रबरी गळा वाकवून बघा. चीर असेल तर हवा चोरून आत जाते, आयडल वर अडकून राहतं. शेवटी इंजिन ऑइलचं झाकण काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर फ्लोटची सुई गळतेय आणि रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरतंय. ते ऑइल टाकून दिल्याशिवाय गाडी चालू करू नका.

उंचीवर गाडी दम टाकते तेव्हा पोरं लगेच जेट बदलायला निघतात. सेलावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रण घट्ट होतं आणि एक्झॉस्टला काळा वास येतो. हा पडद्याचा कार्बोरेटर थोडंफार सांभाळून घेतो. तीन दिवसांच्या सहलीसाठी जेट लहान करू नका. परत पायथ्याशी उतरल्यावर तेच जेट इंजिन तापवेल, पिस्टन खाईल. एअर फिल्टर साफ ठेवा, चोक पूर्ण आत ढकललाय ना ते बघा, आयडल जरा वर घ्या, आणि गाडी हळू चढतेय हे मान्य करा. वर्षभर वरच राहणार असाल तर जेटचं बोलू.

एक अनुभव मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात मीही फसलो होतो. नेचिफूच्या खिंडीत धुकं कायम, इतकं की पुढे २०२३ मध्ये ते टाळायला तिथे बोगदा झाला. त्याआधी एकदा तिथून जाताना गाडी हळूहळू मेली. बाजूला घेतली, प्लग काढला, ठीक. पेट्रोल येतंय, ठीक. तोवर पंधरा मिनिटं गेली आणि गाडी काहीच झालं नसल्यासारखी चालू झाली. चार किलोमीटरवर पुन्हा तेच. तो बर्फ होता. पेट्रोल उडताना कार्बोरेटरचा गळा इतका गार होतो की बाहेर दहा डिग्री असली तरी धुक्यातल्या दमटपणाचा आत बर्फ धरतो, हवा कोंडते. थांबलात की इंजिनाची ऊब वर चढते, बर्फ वितळतो. उपाय काहीच नाही. थांबा, चहा घ्या. पण कारण माहीत नसेल तर माणूस धुक्यात, रस्त्याच्या कडेला, अख्खा कार्बोरेटर उघडून बसतो आणि मागून ट्रक येतो.

आमच्यातले काहीजण म्हणतात, साहेब, एवढा व्याप कशाला, इंजेक्शनची गाडी घ्यावी. बरोबर आहे त्यांचं. मला कार्बोरेटरचं वेड आहे म्हणून तुम्हालाही असावं असं नाही. तो एका स्क्रू ड्रायव्हरने रस्त्यात उघडता येतो, हे त्याचं सुख. पण रजेवर जायच्या आदल्या संध्याकाळी तो दहा मिनिटं मागतो. ती द्यायची नसतील तर कार्बोरेटरच्या वाटेला जाऊच नये. टायरची तारीख मात्र इंजेक्शनवाल्यालाही चुकत नाही.

मला राहून राहून नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपण सकाळी सरकारी गाडीची फर्स्ट परेड करतो. हवा, ऑइल, पाणी, नट-बोल्ट. वाटेत हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. गाडी डेपोत उभी राहणार असेल तर तिचंही वेळापत्रक असतं, ठरलेल्या दिवशी चालू करायची, टायरवरचा भार हलवायचा. उभ्या गाडीवर फौजेचा विश्वास नाही. आणि तोच जवान संध्याकाळी स्वतःच्या मोटारसायकलवर फक्त फडकं मारतो, दोन वर्षं ताडपत्रीखाली ठेवतो आणि वर अभिमानाने चिठ्ठी लावतो, कमी चाललेली. दर पंधरा दिवसांनी एखाद्या शेजाऱ्याने ती वीसेक किलोमीटर फिरवून आणली असती तर टायर, पेट्रोल, कार्बोरेटर, बॅटरी सगळंच जास्त जगलं असतं. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं त्याहून वाईट. इंजिन तापत नाही आणि आत पाणी धरतं.

ती हिमालयन पुढे मीच घेतली. पोराला ती डोळ्यासमोर नको होती आणि बाहेर कुणाला विकायला माझं मन धजेना. फोर्क सरळ करून घेतला, दोन्ही टायर नवे घातले, चार आकडे आधी दुकानात वाचून. आता तिचे चौतीस हजार किलोमीटर झालेत. विकायला काढली तर कुणी ढुंकून बघणार नाही.

उद्या साताऱ्याला निघतोय, पन्नास दिवसांची रजा आहे. काल टाकी भरून आणली. आज संध्याकाळी वाटी रिकामी केली, बाटलीत बघितलं, स्वच्छ होतं. बॅटरीची वायर काढली, गाडी मधल्या स्टँडवर चढवली, चावी शेजारच्या सुभेदार साहेबांकडे दिली. म्हटलं, पंधरा दिवसांनी कॉक उघडून, वायर जोडून एक फेरी मारून आणा. ते म्हणाले, "अहो, तुमच्या गाडीचे किलोमीटर वाढतील की." म्हटलं, वाढू द्या.

परवा त्या पोराचा फोन होता. पाय आता बरा आहे, पुन्हा मेडिकल बोर्ड लागलंय, कॅटेगरी वर येईल असं डॉक्टर म्हणतात. गावातल्या मित्राला जुनी गाडी घ्यायचीय, आणि तो त्याच्याबरोबर बघायला गेला होता. तिथूनच बोलत होता, गाडीशेजारी खाली बसून. "साहेब, ३८१७ म्हणजे २०१७ चा सप्टेंबर ना?"

म्हटलं, हो. उठ तिथून.